आरशाची सोबत

भाताची झोडणी आटोपली होती आणि रिकाम्या खाचरांत वालाचे हिरवे कोंब नुकतेच वर येत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. वाशिंदच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी संघरत्ना शनिवारी भर दुपारी वैशाखऱ्याच्या पुढच्या एका वाडीपाशी एसटीतून उतरली. काम साधंच होतं. बाळाराम सरांची दुर्बीण नीट बांधायची, गाडीत घालायची आणि आपल्या शाळेसाठी वाशिंदला न्यायची.

ही दुर्बीण दुकानातून आणलेली नव्हती. मुरबाडच्या शाळेतून निवृत्त होऊन सर वाडीवर राहायला आले, तेव्हा त्यांनी पडवीत एक रिकामं पिंप उभं केलं. त्याच्यावर काचेची जाड चकती ठेवली, आणि दुसऱ्या चकतीनं तिला घासत, स्वतः पिंपाभोवती गोल गोल फिरत, एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा काढला. जेवणाच्या थाळीएवढा तो आरसा. मधे किंचित खोलगट. इतका किंचित, की हात फिरवून कळू नये. मग त्याच्यावर चंदेरी मुलामा चढला, पुठ्ठ्याच्या जाड नळीच्या तळाशी तो बसला, आणि सर दुर्बीण घेऊन गावोगाव जाऊ लागले. आश्रमशाळा, समाजमंदिर, धसईच्या बाजाराजवळचं मैदान. कुणी भुताखेताची गोष्ट काढली की ते म्हणायचे, "कुठं हाय, दाखव. भिंग लावून बघतो." संघरत्ना त्यांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत फळ्यावर खडूनं काढलेला शनी तिनं मोठेपणी या दुर्बिणीतून खरा पाहिला, तेव्हा डोळा बाजूला घ्यायचंच तिला सुचलं नव्हतं.

श्रावणात सर गेले. झोपेतच गेले. आणि आता त्यांच्या बायकोचा, जानकीबाईंचा, फोन आला होता. "पोरी, ती दुर्बीण घेऊन जा गो. माझ्यानं ती आता बघवत नाय."

"जय भीम, काकी," संघरत्ना ओट्यावर चढत म्हणाली.

"जय भीम. ये. पानी घे आधी." जानकीबाई वाळल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मुलगी शीतल नाशिकला. घरात दुसरं कुणी नाही. पाण्याचा तांब्या देताना त्या पडवीकडे न बघता म्हणाल्या, "धाऊ येल गाडी घेऊन, धसईचा. तवर बांधून घे समदं. आणि हे बघ... कायबी मागं ठेवू नको."

पडवीत गारवा होता. नव्या पेंढ्याचा गोडसर वास, आणि त्याखाली कसला तरी ओला, खनिज वास, घासलेल्या काचेचा असावा तसा. दुर्बीण कोपऱ्यात उभी होती, तोंडावर जुना रुमाल बांधलेला.

संघरत्नानं पदर खोचला आणि कामाला लागली. सरांची बांधायची रीत तिला पाठ होती. आधी आयपीस, म्हणजे डोळ्याला लावायची भिंगं, काढायची, प्रत्येकाला टोपणं लावायची, मऊ फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची. डबा हलवला तर आवाज येता कामा नये. डब्यात ओल शोषणारी पुडी टाकायची. स्क्रू कितीही लहान असला तरी खिशात ठेवायचा नाही, त्याची चंची वेगळी. नळीला गोधडी. लाकडी बैठकीचे कोपरे सुतळीनं आणि गोणपाटानं झाकायचे. आणि आरसा सगळ्यात शेवटी. त्याला बोट लावायचं नाही, त्याच्यावर फुंकर मारायची नाही, फडकं तर नाहीच नाही. कडेनं धरून त्याच्या पेटीत निजवायचा आणि झाकण लावायचं. गाडीत पेटीखाली स्कूटरची ट्यूब अर्धी फुगवून ठेवायची, म्हणजे धक्का ट्यूब खाते, आरसा नाही.

तिनं आरसा नळीतून सोडवला आणि भिंतीशी टेकवलेल्या पाटावर उभा ठेवला. पेटी पडवीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती आणायला गेली, वळली, आणि सहज आरशाकडे नजर गेली.

खोलगट आरसा लांबून उलटं दाखवतो. ते ती दरवर्षी मुलांना शिकवायची. तर आरशात पडवी उलटी टांगलेली होती. कौलं खाली, जमीन वर, आणि मधे पेटी धरलेली इवलीशी संघरत्ना वटवाघळासारखी लटकलेली. तिला हसू आलं. पण तिच्या शेजारी आणखी कुणी लटकलेलं होतं. पांढरं काही नेसलेलं. तिच्या खांद्याशी वाकून, ती काय करतेय ते बघत असल्यासारखं.

तिनं मान वळवली. बाजूला पडवीचा खांब होता. चुना लावलेला.

'खांबच,' तिनं मनाशी म्हटलं. जवळ जाऊन आरसा उचलला, पेटीत ठेवला. झाकण लावताना तिचा हात जरा घाईत होता, आणि पाठीमागून अगदी हलक्या आवाजात कुणी म्हणालं, "हळू."

"हो, काकी," ती म्हणाली.

पण जानकीबाई तर आत चुलीशी होत्या. फुंकणीचा आवाज येत होता.

दोघींनी चहा घेतला. मग जानकीबाईंनी बशी खाली ठेवली. "तुला सांगते, हसू नको. ते हायत गो अजून. पडवीत पिंपाभवती फिरल्यासारखं वाजतं. मी म्हंते, निजा आता... तर थांबतं. मग परत." त्यांनी पडवीकडे हात केला. "जिता मानूस दमून निजतो तरी. यांना झोपच नाय. ती काच हितं हाय तवर ते हितून हलनार नायत. तू त्यांना घेऊन जा, पोरी. पोरांमधी ऱ्हातील. बरं वाटंल त्यांना."

"आणि तुम्ही, काकी?"

जानकीबाईंनी कपबशा उचलल्या. बाहेर हॉर्न वाजला.

धाऊ पन्नाशीचा, अंगानं आडवा, बोलायला मोकळा माणूस. धसईहून भाजी न्यायची त्याची उघडी पिकअप होती. वाडीत तो पहिल्यांदाच आला होता. तिघांनी मिळून सामान चढवलं. तळाला पेंढा पसरला, नळी आडवी निजवली, बैठक दोरीनं बांधली. आरशाची पेटी ट्यूबवर बसवून चारही बाजूंनी पेंढा ठासला.

"मी मागंच बसते," संघरत्ना म्हणाली. "सर नेहमी पेटीवर हात ठेवून बसायचे. म्हणायचे, आरशाला एकटं पाठवायचं नाय."

"ओ ताई, धुरळा खाल नुसता. आन थंडी बघा. पुढं बसा. मी अशी नेतो, की पेटीला कळनारपन नाय."

ती पुढं बसली. गाडी निघताना जानकीबाई ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी गाडीमागच्या पेंढ्याकडे बघून हात जोडले, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

टोकावडं गेलं. पाठीमागं नाणेघाटाकडचे डोंगर आधी जांभळे, मग राखाडी, मग त्यांच्या नुसत्या कडा उरल्या. सरळगावात धाऊनं किन्हवलीच्या रस्त्याला गाडी घातली. आता दुतर्फा उघडी शेतं, मधे मधे सागाची झाडं, आणि जमिनीवरून अंगठ्याएवढं जाड धुकं सरकत होतं. कुठंतरी पेंढा जळत होता. त्याचा धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर आडवा पडला होता. दिवे लागायची वेळ, पण दिवे कुठंच नव्हते. गाडी रस्त्यावरून चाललीय की पाण्यावरून, असं वाटावं इतकी ती हळुवार जात होती. इंजिनाचा आवाजसुद्धा लांबून, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा असल्यासारखा येत होता. संघरत्नाचे डोळे मिटत आले.

"हळू."

धाऊनं वेग कमी केला. पुढं खड्डा होता. गाडी त्यातून अलगद उतरली, अलगद चढली.

थोड्या वेळानं पुन्हा, "हळू... डावीकडून घे."

धाऊनं डावीकडून घेतलं.

संघरत्नाची झोप उडाली. आवाज मागून आला होता. काच बंद होती, तरी कानाशी बोलल्यासारखा. ती पुढंच बघत राहिली. धाऊ निवांत होता, ओठांत काहीतरी गुणगुणत होता. त्याला यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

काळू नदीच्या अलीकडं रस्ता खाली उतरतो. तिथं धुकं चांगलं छातीएवढं उभं होतं. हेडलाइटचा उजेड त्यात शिरून पिवळा, कापसासारखा गोळा होऊन थांबत होता. धाऊनं उतारावर गाडी सोडली होती, आणि तेवढ्यात मागून आवाज आला. आता तो हलका नव्हता. फळ्यासमोर उभं राहून अख्ख्या वर्गाला गप्प करणारा, संघरत्नाच्या ओळखीचा, सरांचा आवाज.

"थांबव!"

धाऊनं ब्रेकवर पाय दाबला. गाडी कचकन थांबली. धुकं पुढून सरकलं, आणि दोघांनी पाहिलं. रस्त्याची डावी बाजू मोरीच्या कामासाठी उकरून ठेवलेली, पाटी नाही, दिवा नाही, कडेला नुसता एक दगड. पुढचं चाक त्या दगडाला टेकलं होतं. पलीकडे काळोख आणि खाली पाणी वाहत असल्याचा आवाज.

धाऊनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "वाचलो बघा, ताई. बाबांची नजर काय हाय! त्या अंधारातनं, मागं बसून..."

"कोण बाबा?"

"ते काय, मागं. वाडीतनं बसलेत ना तुमच्यासंगं. पांढरा सदरा. गुडघ्यावर टावेल टाकून पेटीवर हात ठिवलाय." तो मागच्या काचेतून बघत, अगदी साधेपणानं म्हणाला. "म्हातारा मानूस, थंडीत काकडला आसंल. पुढं बोलवा की त्यांना. सरकून बसू आपन."

संघरत्ना सीटवर वळली. तिनं काचेतून मागं पाहिलं. गोधडीत गुंडाळलेली नळी, पेंढा, पेटी. बाकी काही नाही. धाऊ मात्र तिथंच बघत होता, आणि बघता बघता ओळखीच्या माणसाला करावी तशी त्यानं मान हलवली.

"मी बघून येते," ती म्हणाली.

ती उतरली. भीती वाटत होती असं म्हणवत नव्हतं. स्वप्नात आपण पडतो आणि तरी लागणार नाही हे ठाऊक असतं, तसं काहीसं झालं होतं. ती चाकावर पाय देऊन वर चढली. पेटी जागच्या जागी होती. पेटीशेजारी ठासलेला पेंढा मात्र दबून खोल गेला होता. माणूस मांडी घालून बसावा एवढा खड्डा. तिनं त्यात हात घातला. पेंढा ऊबदार होता. बाकी सगळा दवानं गार, ओलसर, आणि तेवढीच जागा ऊबदार.

"सर," ती कुजबुजली. "सर, पोचतो आपण. आरसा ठीक आहे."

धुकं गाडीच्या कठड्यावरून आत आलं. मग तिच्या अगदी जवळून, थकलेल्या, विचारात पडलेल्या सुरात शब्द आले.

"जानकी... एकटी ऱ्हायली तिकडं..."

ती काय बोलतेय याचा तिनं विचारच केला नाही. कुणाही म्हाताऱ्या माणसाला धीर द्यावा तसं ती बोलून गेली, "काळजी करू नका, सर. मी आहे ना त्यांच्याजवळ."

पेंढ्यात हलकी सळसळ झाली. कुणी सुटकेचा श्वास सोडावा तशी. आणि त्याच क्षणी तिला काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. केसांतून फूल गळून पडावं आणि चार पावलं गेल्यावर डोकं हलकं लागावं, तसं. तिनं कानाला हात लावला, गळ्याला लावला, पर्स चाचपली. सगळं जागेवर होतं.

"काय म्हंतात बाबा?" धाऊनं विचारलं.

"तिथंच बरे आहेत म्हणतात."

"बरं."

पुढं किन्हवली, शेणवं, शहापूर. पेट्रोलपंपांचे पांढरे दिवे, हायवेवरचे कंटेनर, वडापावच्या गाड्या. धुकं मागं राहिलं. मागून एकही शब्द आला नाही. वाशिंदला तिच्या बिल्डिंगखाली गाडी उभी राहिली, तेव्हा तिचा नवरा महेंद्र जेवून खाली येऊन थांबलाच होता. त्यानं धाऊबरोबर सामान वर नेलं. धाऊ जाताना म्हणाला, "ताई, बाबा कुठं उतरले वो? शहापुरापास्नं दिसले नाय."

"उतरले," संघरत्ना म्हणाली.

महेंद्रला तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. रस्त्यात खड्डा आला होता, थोडक्यात वाचलो, एवढंच सांगितलं. तो पेटी उघडायला गेला तर तिनं अडवलं. थंडीतून आलेला आरसा लगेच उघडला तर त्याच्यावर दव धरतं. पेटीला घराची ऊब हळूहळू येऊ द्यायची. सकाळी उघडायचा.

ती अंथरुणावर पडली ती मेल्यासारखी झोपली. एकही स्वप्न पडलं नाही.

रविवारची सकाळ उजाडली. खिडकीतून ऊन थेट हॉलमध्ये आलं होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. संघरत्नानं पेटीजवळ बसून झाकण उचललं. आरसा अख्खा होता. चरा नाही, डाग नाही, दवाचा थेंब नाही. उन्हाचा एक गोल कवडसा वर छतावर चढला आणि थरथरत राहिला. तिचे डोळे भरून आले. हा आरसा आता पोरांना शनी दाखवील, चंद्रावरचे डोंगर दाखवील. सरांनी पेटीला केलेली सोबत वाया गेली नाही. काल जे घडलं ते या उन्हात तिला भीतीचं वाटतच नव्हतं, मायेचं वाटत होतं.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ती कपांत चहा ओतत होती, तेव्हा हॉलमध्ये महेंद्रचा फोन वाजला. जानकीबाईंचा होता. दोघांचेही नंबर त्यांच्याकडे होते. संघरत्ना कप घेऊन दारात आली आणि त्याला हातानंच खूण केली, स्पीकरवर टाक.

"जय भीम, काकी," महेंद्र म्हणाला. "पोचलं सगळं व्यवस्थित..."

"मंग बरं झालं." जानकीबाईंचा आवाज कित्येक महिन्यांनी मोकळा झाला होता. "म्या म्हटलं तुमाला कळवावं, नायतर घोर लागंल जिवाला. राती मला अशी झोप लागली म्हनून सांगू! पडवीत कायसुदीक नाय. आन पोरीची सोबत. लय गुनाची तुमची बायको. अर्ध्या वाटंवरनं परत आली माझ्यासाठी."

महेंद्रच्या कपाळाला आठी पडली. तो हसला. "कोण परत आली, काकी?"

"कोन म्हंजे? संघरत्ना. दिवेलागन झाल्यावर आली. चालतच. पाय समदे भिजलेले, नदीतनं आल्यागत. म्हनली, मी हाय ना तुमच्याजवळ. तवापास्नं हितंच ओट्यावर बसलीय. चहा घेत नाय, जेवत नाय. थांबा... तिलाच देते फोन. बोला."

संघरत्नाच्या हातातल्या कपातून चहा सांडत होता. भाजत कसं नाही, याचं तिला नवल वाटलं. फोनमधून वारा ऐकू आला. लांब कुठंतरी कोंबडा आरवला. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा खरखर आवाज.

"महेंद्र," फोनमधली संघरत्ना म्हणाली. तोच आवाज. खडूच्या धुळीनं थोडा बसलेला, वाक्य सुरू करण्याआधी किंचित थांबणारा. "मी इथंच राहते आता. काकी एकट्या आहेत." ती थांबली. पलीकडून कान देऊन ऐकत असावी तशी.

"महेंद्र... तिकडं तुझ्याजवळ श्वास कोण घेतंय?"

महेंद्रनं फोनवरून नजर वर केली. दारात कप धरून उभ्या असलेल्या बायकोकडे तो बघत राहिला, बघता बघता उठला, आणि एक पाऊल मागं सरला.